डांबरी कागदाची शाळा

या पुस्तकाचं काम सुरू केलं तेव्हा मला सगळ्यात आधी अडवलं ते एका मामुली वस्तूने. अमेरिकेत तिला टार पेपर म्हणतात. डांबर फासलेला जाड कागद, गुंडाळी करून दुकानात विकायला असतो. लाकडी घर बांधताना छपराच्या फळ्यांवर तो आधी ठोकायचा आणि मग त्यावर खरं छप्पर चढवायचं, अशी रीत. म्हणजे ते अस्तर झालं, लोकांना दिसायची वस्तूच नव्हे. व्हर्जिनिया राज्यातल्या फार्मव्हिल गावी काळ्या मुलांच्या हायस्कूलला वर्ग पुरेनासे झाले, तेव्हा १९४८ साली तिथल्या शिक्षण मंडळाने आवारात लाकडी सांगाड्याच्या तीन खोल्या उभ्या केल्या, भिंतींना आणि छपराला हा कागद ठोकला आणि काम संपलं म्हणून सांगितलं. अस्तरच कापड म्हणून चालवून घेतलं.

मला पत्र्याची शाळा ठाऊक आहे. चौथीपर्यंत मी तशाच शाळेत होतो. पावसाची मोठी सर आली की बाईंचा आवाज पत्र्याखाली बुडून जायचा. मग त्या बोलणं सोडून फळ्यावर गणितं लिहून द्यायच्या आणि आम्ही त्या आवाजात मुकाट्याने ती सोडवायचो. त्या आठवणीच्या भरात पहिल्या खर्ड्यात मी 'पत्र्याच्या खोल्या' असं लिहूनही टाकलं होतं. ते चुकलं. आमच्या गावाकडे पत्रा होता कारण गावाकडे पैसे नव्हते. फार्मव्हिलमध्ये तसं नव्हतं. त्याच गावात, त्याच शिक्षण मंडळाच्या अखत्यारीत, गोऱ्या मुलांचं हायस्कूल होतं. त्याला व्यायामशाळा होती, जेवणाचं दालन होतं, कपडे बदलायच्या खोल्या होत्या. पैसे होते, फक्त कोणावर किती खर्चायचे ते ठरलेलं होतं. म्हणून पुस्तकभर मी 'डांबरी कागदाच्या खोल्या' हेच लिहिलं आहे. शब्द बोजड आहे, दर वेळी जिभेला अडखळतो. अडखळू द्यावा.

या खोल्यांत मधोमध एक लोखंडी शेगडी असायची. तिच्याजवळ बसलेलं पोर घामाघूम व्हायचं आणि भिंतीकडेचं कोट घालून कुडकुडायचं. पाऊस आला की कागदाच्या सांध्यांतून पाणी गळे आणि काही मुलं छत्री उघडून बसत. हमरस्त्यावरून जाणाऱ्या परक्या माणसाला त्या काळ्या लांबट खोल्या कोंबड्यांच्या खुराड्यांसारख्या दिसत, आणि लोक तसं बोलूनही दाखवत. मूळ इमारत विटांची, बैठी, १९३९ साली बांधलेली; आठ वर्ग आणि मध्ये एक सभागृह. हिशेब धरला होता १८० मुलांचा. १९५० साली तिथे ४७७ मुलं शिकत होती. सभागृहात एकाच वेळी दोन-तीन वर्ग चालत, एखादा वर्ग तर आवारात उभ्या असलेल्या बसमध्येही भरे. बसही गोऱ्यांच्या शाळेने वापरून टाकलेली. पुस्तकंही बऱ्याचदा तशीच. आधी ज्या मुलाचं पुस्तक होतं त्याचं नाव पहिल्या पानावर असायचं.

या शाळेचं नाव रॉबर्ट रसा मोटन हायस्कूल. ज्यांचं नाव दिलं ते मोटन याच प्रिन्स एडवर्ड काउंटीत लहानाचे मोठे झाले. (काउंटी म्हणजे आपल्या तालुक्याच्या आगेमागे, पण कर बसवायचा अधिकार असलेली.) बुकर टी. वॉशिंग्टन १९१५ साली वारल्यावर अलाबामातल्या टस्कीगी संस्थेची धुरा मोटन यांच्याकडे आली. ते सबुरीचे गृहस्थ होते. गोऱ्यांना न दुखवता, त्यांच्याच पैशातून काळ्यांच्या शाळा उभ्या करायच्या ही त्यांची वाट. ३० मे १९२२ रोजी वॉशिंग्टन शहरात लिंकन स्मारकाचं उद्घाटन झालं तेव्हा काळ्या समाजाच्या वतीने भाषण करायला मोटन यांनाच बोलावलं होतं, आणि गुलामगिरी संपवणाऱ्या लिंकनच्या त्या कार्यक्रमात काळ्या श्रोत्यांची बसायची जागा वेगळी आखलेली होती. अशा सबुरीच्या माणसाचं नाव ज्या शाळेला दिलं, त्याच शाळेच्या पोरांनी १९५१ साली संप केला. मोटन तेव्हा हयात नव्हते. त्यांना काय वाटलं असतं, याचा विचार मी बरेचदा केला आहे. मुलं चुकली असं त्यांनी म्हटलं नसतं, पण आधी एक अर्ज लिहा, असं नक्की म्हटलं असतं.

अर्ज तोवर पुष्कळ लिहून झाले होते. तो भाग या पुस्तकात लांबला आहे, आणि मी तो मुद्दाम लांबू दिला आहे. अशा शाळांची गोष्ट सांगणारे बहुतेकजण थेट संपापासून सुरुवात करतात, आणि मग वाचकाला वाटतं की त्याआधी तिथे फक्त अन्याय होता आणि अन्याय सोसणारी माणसं होती. फार्मव्हिलच्या आसपास काळ्या माणसांनी स्वतःचं काहीतरी उभारायला यादवी युद्धाच्या पुष्कळ आधी सुरुवात केली होती. रिचर्ड रँडॉल्फ नावाच्या जमीनदाराने मृत्युपत्रात आपले गुलाम मुक्त करून त्यांना जमीन द्यायला सांगितलं होतं. १८१० च्या सुमारास सुमारे नव्वद माणसं त्या जमिनीवर वसली आणि त्यांनी वस्तीचं नाव ठेवलं इस्रायल हिल. ॲपोमॅटॉक्स नदीवर होड्या चालवणारे, सुतार, शेतकरी अशी ती स्वतंत्र माणसं होती, आणि आजूबाजूला तंबाखूच्या शेतांत गुलामी चालूच होती.

पुढे १८९७ च्या उन्हाळ्यात एक तरुण अभ्यासक फार्मव्हिलला येऊन राहिला. घरोघरी फिरून त्याने काळ्या कुटुंबांची मिळकत, धंदे, घरं, शिक्षण हे सगळं टिपून घेतलं. ती पाहणी १८९८ साली सरकारी कामगार खात्याच्या पत्रिकेत छापून आली. अभ्यासकाचं नाव डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. मराठी वाचकाने हे नाव लक्षात ठेवावं, कारण पन्नासेक वर्षांनी, १९४६ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या काळ्या समाजाने संयुक्त राष्ट्रांकडे जी याचिका दिली होती तिच्या प्रती त्यांना हव्या होत्या. आपल्याकडच्या अस्पृश्यांच्या वतीनेही असं काही करावं असा विचार त्यांच्या मनात होता. ड्यू बॉइस यांनी उत्तर पाठवलं. त्याच्याही आधी, १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना लिहिली ज्यांनी गुलामांना मोकळं केलं. म्हणजे या विषयाशी आपली ओळख नवी नाही. फक्त आपण ती नेहमी मोठ्या माणसांमार्फत करून घेतली. या पुस्तकात सोळा वर्षांची मुलगी आहे, आणि तिच्या आसपास पुष्कळशा अशा बायका आहेत ज्यांची नावं गावाबाहेर कोणाला माहीत नाहीत.

त्या बायकांपैकी एकीचं नाव तेवढं राहिलं. मार्था फॉरेस्टर यांनी १९२० साली फार्मव्हिलमध्ये काळ्या स्त्रियांचं एक मंडळ स्थापन केलं. मंडळाचा पहिला हट्ट हा की काळ्या मुलांना प्राथमिकच्या पुढे शिकता आलं पाहिजे. मुलांसाठी वरचे वर्ग त्यांनी मागून मागून, वर्षाला एकेक करत मिळवले. दक्षिणेत इतरत्रही हेच चाललं होतं. शिकागोचे व्यापारी ज्यूलियस रोझनवाल्ड यांनी बुकर वॉशिंग्टन यांच्या सांगण्यावरून ग्रामीण भागात काळ्यांच्या शाळांसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. पुढे ते काम मोटन यांनीही चालवलं. १९३२ पर्यंत १५ राज्यांत अशा सुमारे ५,००० शाळा झाल्या. अट अशी की रोझनवाल्ड देतील तेवढा पैसा गावानेही उभा करायचा. सगळा हिशेब झाला तेव्हा काळ्या लोकांनी घातलेली रक्कम रोझनवाल्ड यांच्या रकमेहून जास्त निघाली, सुमारे ४७ लाख डॉलर. मक्याच्या पोत्यांतून, कोंबड्या विकून, लाकूड तोडून, चर्चमध्ये ताटली फिरवून जमवलेला पैसा. कर ते भरतच होते, आणि त्या करातून गोऱ्यांच्या शाळा चालत होत्या. स्वतःच्या मुलांसाठी त्यांनी पुन्हा वेगळे पैसे काढले. एकाच शाळेसाठी दोनदा फी भरल्यासारखं.

आता शब्दांबद्दल थोडं बोलतो. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावं. गोऱ्या आणि काळ्या मुलांना एकत्र शिकवायचं नाही, ही तरतूद व्हर्जिनियाच्या १९०२ च्या राज्यघटनेतच होती. अशा व्यवस्थेला आपली वर्तमानपत्रं 'वर्णभेदी' म्हणतात, अभ्यासक 'पृथक्करण' म्हणतात. मला घरातला शब्द हवा होता. 'बाजूला बसवणं' हा शब्द आपल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. त्यात अपमान आहे आणि अंगवळणी पडलेपणही. त्यावरून मी काही ठिकाणी 'बाजूची शाळा' असं लिहिलं आहे. पण तो नेमका बसत नाही हेही सांगून ठेवतो. आपल्याकडे बाजूला बसवण्यामागे विटाळ असतो. दक्षिणेतल्या कितीतरी गोऱ्या घरांत कणीक काळ्या बाईने तिंबलेली असायची, घरातलं तान्हं तिच्याच खांद्यावर झोपायचं. शिवण्याला तिथे हरकत नव्हती. ते तान्हं शाळेत जायच्या वयाचं झालं की त्या बाईच्या मुलाने त्याच्या शेजारच्या बाकावर बसायचं नव्हतं, एवढंच. चाकरीत जवळीक चालत होती, बरोबरी चालत नव्हती. तेव्हा वाचताना आपलं गावकूस डोळ्यांपुढे आलं तर येऊ द्यावं, पण ते चित्र जसंच्या तसं इथे डकवू नये. 'कृष्णवर्णीय' हा शब्द मी टाळला आहे. तो बातमीत बरा वाटतो, माणसाच्या तोंडी नाही.

आणि तरी त्या बाजूच्या शाळेला लोक 'आपली शाळा' म्हणत. हे पचायला मला वेळ लागला. शिकलेल्या काळ्या माणसाला त्या काळात मास्तरकी सोडून फारशी सन्मानाची नोकरी नव्हती, म्हणून डांबरी कागदाखाली शिकवणारे शिक्षक चांगलेच असत. पोर वर्गात आळस करतंय हे त्याच्या आईला रविवारी चर्चच्या पायरीवरच कळायचं. गाण्याचं पथक होतं, वादविवाद होते, नाटकं होती. नंतर, सगळं मिळाल्यावर, एकत्रीकरणात कुठे कुठे काळ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, शाळांची नावं पुसली गेली, तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी जी हळहळ केली ती याच 'आपल्या शाळे'साठी. अन्याय्य व्यवस्थेतही लोक घर करतात. म्हणून व्यवस्था बरी ठरत नाही, पण घर खोटंही ठरत नाही. पुस्तकाचा अर्धा भाग मी या दोन गोष्टी एकत्र धरायच्या धडपडीत लिहिला आहे. दर वेळी धरता आल्याच आहेत असं नाही.

संप याच आपलेपणातून झाला. बार्बरा रोझ जॉन्स सोळा वर्षांची होती. डार्लिंग्टन हाइट्स भागात राहायची, वडील शेती करत, आई वॉशिंग्टनला नोकरीला होती. काका व्हर्नन जॉन्स, फटकळ जिभेचे धर्मोपदेशक. माँटगोमरीच्या ज्या चर्चमध्ये नंतर मार्टिन ल्यूथर किंग आले त्याच चर्चचे त्यांच्या आधीचे पाद्री. शाळेच्या अवस्थेबद्दल तिने एकदा संगीताच्या बाईंपाशी तक्रार केली. मग तूच काहीतरी का करत नाहीस, असं बाई म्हणाल्या. बाईंनी ते सहज म्हटलं की जाणून, यावर पुष्कळांनी लिहिलं आहे. मला वाटतं, शिक्षिकेने असं वाक्य जाणून म्हटलं असेल तर ती ते सहज म्हटल्यासारखंच म्हणते. बार्बराने महिनोन्‌महिने मनात ठेवून मोजके विद्यार्थी जमवले. मोठ्यांना काही सांगितलं नाही. २३ एप्रिल १९५१ रोजी साडेचारशेच्या वर मुलं वर्ग सोडून बाहेर पडली आणि दोन आठवडे परत आली नाहीत.

त्याला मी 'संप' म्हटलं आहे. संपादनात 'बहिष्कार' सुचवला गेला, कारण मराठीत संप कामगारांचा असतो. मजुरी घेणाऱ्यालाच काम थांबवता येतं, मुलं काय थांबवणार? पण या मुलांच्या तोंडी कामगारांचाच शब्द होता. खाणकामगारांचे संप तेव्हा वर्तमानपत्रांत रोज होते आणि मुलं ती वर्तमानपत्रं वाचत होती. गिरणगावात वाढलेल्या कोणालाही हा शब्द बदलावासा वाटणार नाही.

मुलांची मागणी काय होती, हे नीट वाचावं. आम्हाला गोऱ्यांच्या शाळेत बसवा, असं ती म्हणत नव्हती. आम्हाला नवी शाळा बांधून द्या, इतकंच. आपलीच शाळा, पण विटांची आणि पुरेशी. त्यांनी वकिलांना पत्र लिहिलं. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे रिचमंडचे दोघे काळे वकील दुसऱ्या एका कामासाठी निघालेले वाटेत थांबले. पोरांची समजूत घालून त्यांना शाळेत परत पाठवावं असा त्यांचा बेत होता. पाद्री एल. फ्रान्सिस ग्रिफिन यांच्या चर्चमध्ये गाठ पडली आणि बेत बदलला. पण वकिलांनी अट घातली: नव्या इमारतीसाठी दावा लढायचे दिवस आता गेले, लढायचं तर वेगळ्या शाळांच्या प्रथेविरुद्धच. त्यासाठी आईबापांच्या सह्या लागतील. मुलांना हवं होतं त्याहून खूप मोठं आणि थोडं निराळं असं काहीतरी त्यांच्यापुढे ठेवलं गेलं आणि त्यांनी ते घेतलं. २३ मे १९५१ रोजी ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने दावा दाखल झाला. यादीत पहिलं नाव नववीतल्या डोरोथी डेव्हिसचं, म्हणून तो डेव्हिस खटला.

खटल्यात दोन्ही बाजूंनी मानसशास्त्रज्ञ उभे होते. राज्य सरकारतर्फे कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक हेन्री गॅरेट. मुलांच्या बाजूने केनेथ क्लार्क, एकेकाळी कोलंबियात त्याच गॅरेट यांच्या हाताखाली शिकलेले काळे अभ्यासक. गुरू एका बाजूला आणि शिष्य दुसऱ्या. १९५२ साली तीन न्यायाधीशांनी निकाल दिला की वेगळ्या शाळांमुळे कोणत्याच मुलांचं नुकसान होत नाही. इमारती मात्र सारख्या करा. अपिलात हा दावा कॅन्सास, साउथ कॅरोलायना, डेलावेअर आणि वॉशिंग्टन शहरातल्या दाव्यांसोबत सुनावणीला आला, आणि १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. ब्राउन निकाल म्हणून जग त्याला ओळखतं. त्या दाव्यांपैकी विद्यार्थ्यांनी स्वतः सुरू केलेला हा एकच.

नवी इमारतही दरम्यान झाली होती. वेगळी शाळा टिकवायची तर ती बरी दिसली पाहिजे, हे काउंटीच्या ध्यानात आलं होतं. आठ लाख डॉलरहून अधिक खर्चून बांधलेलं नवं मोटन हायस्कूल १९५३ साली उघडलं. मुलांनी मागितलं होतं ते मिळालं. बार्बरा ते बघायला तिथे नव्हती. शाळेच्या आवारात क्रूस जाळला गेला तेव्हा घरच्यांनी जिवाच्या भीतीने तिला माँटगोमरीला काकांकडे पाठवलं होतं. पुढे ती फिलाडेल्फियात ग्रंथपाल झाली, संसार केला आणि १९९१ साली गेली. संपाच्या त्या सकाळबद्दल फारसं बोलत नसे म्हणतात. ज्या मुख्याध्यापकांना संपाचा पत्ताही नव्हता त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही.

इथवरची गोष्ट इतर पुस्तकांत चांगली सांगितलेली आहे. मी हे पुस्तक लिहायला बसलो ते पुढच्या पाच वर्षांसाठी. निकालानंतर व्हर्जिनियाच्या राज्यकर्त्यांनी सिनेटर हॅरी बर्ड यांच्या पुढाकाराने एकत्र शाळांना कडवा विरोध केला. १९५८ साली नॉरफोक आणि आणखी काही ठिकाणच्या शाळांना टाळं लागलं, पण १९५९ च्या जानेवारीत न्यायालयांनी ते बेकायदा ठरवलं. प्रिन्स एडवर्डने मग दुसरी युक्ती काढली. शाळा बंद करतो असं कुठे लिहिलंच नाही. जून १९५९ मध्ये काउंटीच्या कारभाऱ्यांनी अंदाजपत्रक मांडलं आणि त्यात शाळांसाठी कर बसवला नाही. इतकंच. सप्टेंबरात एकही सार्वजनिक शाळा उघडली नाही. आठ लाखांची नवी इमारत कुलपात गेली.

जवळपास दीड हजार गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी तयार होती. सुरुवातीला तिचे वर्ग चर्चमध्ये आणि मिळेल त्या जागेत भरले, पण भरले. सुमारे १,७०० काळ्या मुलांसाठी काहीच नव्हतं. ज्यांना जमलं त्यांनी मुलांना नातेवाइकांकडे पाठवलं. कोणी शेजारच्या काउंटीत पडकं घर भाड्याने घेतलं, तिथे कोणी राहत नसलं तरी. सकाळी अंधारात मुलांना हद्दीपलीकडे सोडायचं, म्हणजे ती त्या दारातून बाहेर येऊन तिथल्या बसमध्ये चढतील. नॉर्थ कॅरोलायनातल्या किट्रेल कॉलेजने वरच्या वर्गातल्या साठेक मुलांना ठेवून घेतलं. क्वेकर पंथाच्या संस्थेने काहींना दूरच्या राज्यांत अनोळखी कुटुंबांत नेऊन ठेवलं. चर्चच्या तळघरांत बायकांनी लहान मुलांसाठी केंद्रं चालवली. त्यांना शाळा म्हणायचं कटाक्षाने टाळलं, कारण शाळा आहे असं दिसलं तर कोर्टातला दावा कमजोर होणार. उरलेली मुलं, आणि ती पुष्कळ होती, तंबाखूच्या शेतांत गेली.

त्या डिसेंबरात गोऱ्या पुढाऱ्यांनी काळ्या मुलांसाठीही एक खासगी शाळा काढायची तयारी दाखवली. अर्ज आला एक. आईबापांना ठाऊक होतं की ती शाळा स्वीकारली की खटला संपला. या निर्णयाबद्दल लिहिताना सगळे 'त्याग' हा शब्द वापरतात. मला तो वापरवत नाही. १९५१ ला संप करणाऱ्या मुलांनी स्वतःचा निर्णय स्वतः घेतला होता. १९५९ ला सहा वर्षांच्या असलेल्या पोराला कोणी विचारलं नव्हतं. त्याचा हात धरून उभी असलेली आई बरोबर होती असं मला वाटतं. तरी तिच्या जागी मी असतो तर मला ते जमलं नसतं, हेही इथेच लिहून ठेवतो. ज्या कारभाऱ्यांनी कर बसवला नाही त्यांच्यापैकी कोणालाही असा निर्णय घ्यावा लागला नाही.

१९६३ साली केनेडी सरकारच्या खटपटीने आणि देणग्यांवर 'फ्री स्कूल्स' सुरू झाल्या. न्यूयॉर्कजवळच्या एका भागातून नील सलिव्हन नावाचे शिक्षणाधिकारी आले. त्यांच्यासमोर दहा वर्षांची मुलं उभी होती जी आयुष्यात पहिल्यांदा वर्गात आली होती. इयत्ता ठरवायची कशी? त्यांनी इयत्ताच काढून टाकल्या आणि येतं काय त्यावरून गट केले. २५ मे १९६४ रोजी ग्रिफिन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काउंटीला शाळा उघडायला भाग पाडलं. पाद्री ग्रिफिन यांच्या मुलांच्या नावाने तो दावा होता. शाळा उघडल्या तेव्हा बाकांवर जवळपास सगळी मुलं काळीच होती. गोरी मुलं अकादमीत राहिली. म्हणजे तेरा वर्षं, दोन निकाल आणि पाच वाया गेलेली वर्षं एवढं सगळं झाल्यावर जी शाळा उघडली ती पुन्हा बहुतांशी बाजूचीच. पुढे बऱ्याच वर्षांनी ते हळूहळू बदललं.

जुन्या मोटन इमारतीत १९९५ पर्यंत लहान मुलांची शाळा भरत होती. नंतर जागा विकायची बोलणी सुरू झाली, तेव्हा मार्था फॉरेस्टर यांच्या त्याच मंडळाच्या बायका पुन्हा पुढे आल्या. पंचाहत्तर वर्षांत मंडळ बंद पडलं नव्हतं. त्यांनी पैसे उभे केले, १९९८ साली इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि २००१ च्या २३ एप्रिलला तिथे संग्रहालय उघडलं. २००३ साली काउंटीने शाळा हुकलेल्यांना मानद प्रमाणपत्रं दिली. पन्नाशी-साठीची माणसं झगे घालून रांगेत उभी राहिली. काहीजण गेले नाहीत. त्यांच्याबद्दल आठव्या प्रकरणात आहे.

नावांच्या उच्चारांबद्दल फार शोध घेत बसू नये. 'मोटन' हे मी ऐकलं तसं लिहिलं आहे. तारखा जिथे दोन ठिकाणी दोन आढळल्या तिथे मी महिन्यावर थांबलो आहे. संपाच्या सकाळची हकिगत मात्र या प्रस्तावनेत मी मुद्दाम सांगितलेली नाही. पहिलं प्रकरण तिथूनच सुरू होतं. सोमवार आहे. अकराचा सुमार. सभागृहाचा पडदा ओढलेला आहे आणि त्यामागे काही मुलं श्वास रोखून उभी आहेत. मुख्याध्यापकांच्या खोलीत फोन वाजतो. बसस्थानकावर तुमच्या दोन मुलांना पोलिसांनी हटकलंय, लगेच या, असं पलीकडचा आवाज सांगतो. मुख्याध्यापक फोन ठेवून घाईने बाहेर निघतात.